मानाचं कणीस

सोलापूर,
दि. १९ जानेवारी १९७६

तीर्थरूप महिपतीमामांच्या पायांवर भाचा जोतीराम याचं डोकं (टेंभुर्णीला आल्यावर प्रत्यक्ष ठेवीन, तोवर कागदावर मानून घ्यावं). सोजरमामींचा गुडघा कसा आहे? पांढऱ्या बैलाची मारायची खोड गेली का? संक्रांतीचा तिळगूळ पोचला, पण माझ्याआधी खोलीतल्या मुंग्यांना पोचला, तरी त्यांच्या वतीने आभार. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर इकडे आमच्या वर्गाचे हात भाजलेले आहेत, माझं एक वर्ष बुडायच्या बेतात आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी, मामा, तुम्ही आहात. रागावू नका. खाटेवर बसून निवांत पुढचं वाचा.

सध्या शिस्तीचे दिवस आहेत, हे एसटी स्टँडच्या भिंती वाचून तुम्हाला ठाऊक असेलच. शहरातल्या भिंती शिस्तीच्या घोषणांनी रंगवून संपल्या तेव्हा उरलेला रंग बहुतेक आमच्या कॉलेजात आला असावा, कारण आता आमच्या मुतारीतसुद्धा ‘कमी बोला, जास्त काम करा’ असं लिहिलेलं आहे. त्यातच प्राचार्यांनी विद्यार्थ्यांसाठी आचारसंहिता छापून घेतली. जिन्यावरून पळू नये, वर्गात शीळ घालू नये, बेलबॉटमचा घेर मापात असावा. (घेर मोजायला मल्लप्पा शिपाई गेटावर टेप घेऊन उभा राहायचा. पहिल्याच दिवशी त्याने प्राचार्यांच्या चिरंजीवांना अडवलं, तेव्हापासून टेप हरवली आहे.) हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण त्यात एक जालीम कलम आहे, सामुदायिक गैरहजेरीचं. आख्खा वर्ग एकदम गायब झाला तर कुणालाच टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि आप्पांनी मला कॉलेजात घालतानाच सांगून ठेवलंय की एक वर्ष जरी गेलं तरी पुस्तकं माळ्यावर आणि पोरगं औतावर. या संहितेवर देखरेख करायला शिस्त समिती नेमली आहे. तिचे प्रमुख प्रा. गुरुसिद्धप्पा. ते तर्कशास्त्र शिकवतात. बाकीचे दोन सभासद मान हलवतात.

आता मंद्रूपचं सांगतो. आमच्या शेतातला शाळू यंदा काय आला होता म्हणून सांगू, माणूस आत शिरला तर हाक मारून शोधावा लागेल असा. आप्पांनी मला निरोप धाडला की मंगळवारी हुरडा ऐन भरात असेल, दोन दिवसांनी दाणा टणक होईल, तेव्हा दोस्तांना घेऊन ये. मी वर्गात नुसतं सांगितलं. (माझी चूक एवढीच की मी पाठच्या बाकावरून सांगितलं आणि आवाज पुढच्या बाकापर्यंत गेला.) मंगळवारी सकाळी मंद्रूपच्या एसटीत आमचा वर्ग जसाच्या तसा बसला होता, आणि वर्गात फक्त फळा उरला. आप्पांना मी कॉलेजची सहल आहे असं सांगितलं होतं. आता सहल म्हटली की तीत खोटं असं काही नसतं, माणसं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातातच.

पण मला जे ठाऊक नव्हतं ते असं. आप्पा मागं माझी फी भरायला कॉलेजात आले होते तेव्हा त्यांनी गुरुसिद्धप्पा सरांना हात जोडून हुरड्याचं आवतण दिलं होतं, आणि त्यांनाही मंगळवारच सांगितला होता. हुरड्याचा दिवस पिकावर ठरतो, वेळापत्रकावर नाही. त्या दिवशी शिस्त समिती विद्यापीठाच्या कामानिमित्त बाहेरगावी गेली असल्याची नोटीस कॉलेजात लागली होती, आणि समिती उसन्या जीपमधून आमच्या बांधावर उतरली होती.

आप्पांना यात वावगं काहीच दिसलं नाही. सहल म्हटल्यावर मास्तर यायचेच. फक्त पोरांच्या पंगतीत गुरुजींना बसवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी दोन आगट्या पेटवल्या, एक शाळवाच्या या अंगाला आणि एक त्या अंगाला, आणि मधल्या पिकातून ते स्वतः कणसं घेऊन येरझारा घालत राहिले. मी शेंगांची चटणी आणायला पलीकडे गेलो तर डोक्याला रुमाल बांधून गुरुसिद्धप्पा सर पाठमोरे बसलेले. मी आल्या पावली मागे फिरलो. त्यानंतर आमच्या वर्गाने एक शब्द न बोलता हुरडा खाल्ला. एवढी शिस्त आमच्या वर्गात त्याआधी कधी नव्हती, आणि समितीचं दुर्दैव असं की ती दहा पावलांवर असून तिला दिसली नाही. पलीकडून सरांचा आवाज मात्र आला, की खेड्यातली शांतता काही वेगळीच.

आणि आता, मामा, तुमचं कणीस. आगटीतून काढलेलं पहिलं कणीस पाहुण्यानं स्वतःच्या हातानं चोळायचं, तो त्याचा मान, ही जी रीत तुम्ही वीस-बावीस वर्षांपूर्वी जावई म्हणून पहिल्यांदा आलेल्या आप्पांना सांगितली, ती कुठल्याच गावात नाही हे मला आजीनं मरायच्या आधी सांगितलं होतं. तुम्हाला नव्या दाजींची मजा बघायची होती. पण आप्पांचे हात नांगराचे. त्यांनी निखाऱ्यातलं कणीस चोळलं, पाखडलं, खाल्लं, आणि त्यांना काही कळलंच नाही. त्यांना तो खराच मान वाटला. तेव्हापासून ते येईल त्या पाहुण्याला तो मान न चुकता देतात. मंगळवारी त्यांनी आमच्या वर्गातल्या एकेकाला दिला. पलीकडे समितीलाही दिला. पोरं ओरडली नाहीत, कारण पलीकडे सर होते. सर ओरडले नाहीत, कारण ते प्राध्यापक होते.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांनी नोट्स सांगायला घेतल्या आणि माझ्याखेरीज एकालाही पेन धरता येईना. गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात रांगेत उभं करून तळहात पुढे करायला लावले. माझा दोस्त चांदसाब (त्याच्या वडिलांचं स्टँडसमोर सायकलचं दुकान आहे, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या विहिरीत पोहून गेला तो) रांगेत पहिला होता. चहा करताना भाजलं, असं त्याने सांगितलं. त्याच्या मागच्यांनाही दुसरं काही सुचलं नाही. शेवटी प्राचार्यांनी डाव्या हाताने टेबल आपटून विचारलं, की तुम्ही सगळे मिळून एकच चहा करत होता का. गुरुसिद्धप्पा सर शेजारीच होते. भर दुपारी, सोलापुरात, हातात लोकरीचे मोजे घालून. थंडी बाधते म्हणाले. कुणाचा हात बघायचा ते हनुवटीने दाखवत होते.

रांगेच्या शेवटी मी. माझे हात आप्पांच्या वळणाचे, घट्टे पडलेले, एक फोड नाही. काल कुठं होतास, म्हणून विचारलं. शेतात वडिलांच्या हाताखाली होतो, असं मी सांगितलं, आणि मामा, हे अक्षरशः खरं होतं. प्राचार्य गहिवरले. साऱ्या वर्गात हाच एक मुलगा निष्कलंक, असं त्यांनी जाहीर केलं, मला जागच्या जागी शिस्त प्रतिनिधी नेमलं, आणि असा मुलगा घडवणाऱ्या पित्याचा चादर देऊन सत्कार करायचं ठरवलं. रांगेतून माझ्याकडे जे बघितलं गेलं ते मी तुम्हाला पत्रात लिहू शकत नाही, मामींना वाचून दाखवाल.

आप्पा शनिवारी आले. नवा फेटा, कोरं धोतर, आणि हातात कोरफडीचं पान. व्यासपीठावर चढले, प्राचार्यांना नमस्कार केला, पण चादर घ्यायच्या आधी सरळ गुरुसिद्धप्पा सरांकडे गेले आणि म्हणाले, “सर, तुमच्या हाताचं आता कसं हाय? त्या दिशी जीपमधी बसताना फोड दिसलं व्हतं. कोरफड आणलीया, मोजं काढा की.”

सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मग आप्पांना समोरच्या बाकांवर बसलेली पोरं आणि त्यांच्या हातांना बांधलेल्या चिंध्या दिसल्या. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, “ह्यास्नी बी लागलं व्हय? ठावं असतं तर चार पानं आणली असती. समद्यास्नी मीच दिलं की मानाचं कणीस. पोरास्नी अल्याडच्या आगटीवर, सरास्नी पल्याडच्या.”

सरांना मोजे काढावे लागले. प्राचार्यांनी सरांचे हात पाहिले, पोरांचे हात पाहिले, मग माझे न भाजलेले हात पाहिले, आणि तर्कशास्त्र न शिकताही त्यांना सगळं उलगडलं. मला वाटलं आता वर्ग तर गेलाच, मी पहिला गेलो. पण प्राचार्य गुरुसिद्धप्पा सरांकडे वळून फार हळू म्हणाले, “आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?”

खरं सांगतो मामा, त्या क्षणी मला त्या माणसाची कणव आली. आख्खं कॉलेज हुरडा खाऊन आलं आणि हा एकटा ऑफिसात बसून नियम छापत होता.

निकाल असा लागला, की घटनास्थळाची पाहणी केल्याशिवाय या प्रकरणी निर्णय देता येत नाही. सबब येत्या रविवारी प्राचार्य स्वतः मंद्रूपला येतील, आमच्या टर्मचे कागद सोबत आणतील, आणि पाहणी समाधानकारक झाल्यास तिथेच बांधावर सह्या करतील. (पाहणीच्या वेळी वांग्याचं भरीत असतं का, असं त्यांनी आप्पांना बाजूला घेऊन विचारलं.) आप्पांना अजूनही आपला सत्कार कशाबद्दल होता आणि मधेच का थांबला ते कळलेलं नाही. चादर मात्र त्यांनी आणली, मल्लप्पाने गुंडाळून दिली.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, पांढऱ्या बैलाला लांबूनच.

आपला आज्ञाधारक भाचा,
जोतीराम

ता. क. : आमच्या शाळवाचा दाणा आता टणक झालाय. तुमचा उशिरा पेरलेला तुकडा अजून कोवळा असेल, त्यातली दोन पोती कणसं घेऊन शनिवारीच मंद्रूपला या. भाड्याचं आप्पा बघतील.

ता. क. दुसरा : पोत्यांपेक्षा तुम्ही जास्त जरुरीचे आहात. प्राचार्यांसाठी आप्पांनी मोठ्यात मोठं मानाचं कणीस ठरवून ठेवलंय. मी नको म्हणालो तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “तुझ्या मामानं मला त्ये दिलं तवापास्नं मी त्या घरचा झालो. त्येची रीत मी मोडू व्हय?” मामा, ती थट्टा होती असं त्यांना कधी सांगू नका, माझ्याच्याने तर सांगवलं नाही. नुसतं येऊन सांगा की यंदापासून मानाचं कणीस मेहुण्यानं चोळून द्यायचं असतं, आणि तुम्ही चोळा. तुमचे हात भाजले तर मला वाईट वाटेल, पण फार नाही.

ता. क. तिसरा : चांदसाब म्हणतो, एवढा ताप कशाला, आप्पांना सांगून प्राचार्यांच्या डाव्या हातात दे, सही उजव्याने करतील. आमचे प्राचार्य डावखुरे आहेत. पत्र मिळताच निघा.