सपाट बुडाची गोळी

सर, मागच्या महिन्यात एका शुक्रवारी ओमानमधल्या इब्रीत एका अंगणात मी थेट तुमच्यासारखी बोलले. म्हणजे मोठ्याने आणि जरा असभ्य. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तुमचा रायफल क्लब मी कॉलेजबरोबरच सोडला, आता सोहारच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात लॅबमध्ये बसते. तेलाचा भाव पडल्यापासून आमच्याकडे सगळे नोकरीच्या धास्तीने दबक्या आवाजात बोलतात, त्यामुळे माझा आवाज असा चढतो हे मीही विसरले होते.

झालं असं, की लॅबमधली माझी ओमानी मैत्रीण जेवताना रडायला लागली. तिचे आजोबा ईदला गावच्या नेमबाजीत उतरतात. उभ्या फळीच्या माथ्यावर पांढरा दगड ठेवायचा आणि लांबून फोडायचा. त्यांची रायफल त्यांच्या वडिलांची, बारीक नळीची, आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच. या ईदला त्यांचा एकही दगड फुटला नाही. मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबांचे डोळे गेले." म्हातारा म्हणाला, "खलास," आणि तेव्हापासून बाहेरच्या बैठकीत येऊन बसला नाही. रायफल आता भिंतीवर टांगायची ठरली होती. "जेवत नाहीत गं नीट," ती हिंदीत म्हणाली. मी विचारलं, "ती फळी आहे का अजून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. बरोबर आहे, माणूस जेवत नाही आणि ही बाई फळी विचारतेय!

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गावी गेले. फळी गोठ्यामागे होती. भोकं बघितली आणि सर, मला हसूच आलं. गोल नव्हतीच ती, लांबट होती. गोळी आडवी होऊन लागली होती. डोळे कितीही अधू असोत, त्यांनी गोळी हवेत आडवी होत नाही. रायफलला मी हात लावला नाही, परदेशात दुसऱ्याच्या परवान्याच्या वस्तूला कोण हात लावणार? त्यांच्या नातवाने ती रिकामी करून नळी उजेडाकडे धरली. आत शिशाचे चंदेरी ओघळ. पूर्वी गोळ्या म्हातारा स्वतः ओतायचा, या वर्षी हौसेने नातवाने ओतल्या. साचा तोच, सपाट बुडाचा. पण आवाज दणदणीत यावा म्हणून पठ्ठ्याने बंदुकीची दारू वाढवली होती.

आणि मग मला तुमच्या घरामागची शेड दिसायला लागली. रविवार सकाळ आहे, स्टोव्हवर शिसं वितळतंय, आतून काकू ओरडतायत, "त्या स्टोव्हवर परत चहा मागाल तर बघा!" मी परदेशातून आलेली तांब्याच्या टोप्यांची डबी मिरवत उभी आहे, कारण मुंबईच्या पोरांच्या गोळ्यांच्या बुडाला असल्या टोप्या, म्हणजे गॅसचेक, असतात. तुम्ही डबी बघता आणि म्हणता, "अगं बये, गोळीला चड्डी कधी घालायची? पळवायची असेल तेव्हा. जोरात पळवलीस तर मागचा जाळ तिचं बूड चाटतो, शिसं नळीला फासलं जातं, गोळी कोलमडत जाते, तिथे तांबं हवंच. पण ही म्हातारी रायफल आहे. हिला कशाला पळवतेस? हळू सोड, उघड्या बुडानं छान जाईल." मी म्हटलं, बसवून तर बघते. "कशावर बसवणार? टोपीला गोळीच्या बुडाशी खाच लागते, ती आपल्या साच्यात आहे का? अर्धवट बसलेली टोपी नळीतच सुटली म्हणजे? शेजाऱ्याने घोडा घेतला म्हणून आपण खोगीर आणायचं होय?" मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते.

नातवालाही तेच हवं होतं. फोनवर त्याने गॅसचेक शोधूनही ठेवले होते, नवा साचा मागवू म्हणाला, दोन-तीन महिन्यांत येईल, इन्शाल्ला. तोवर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहणार! माझं डोकंच फिरलं. चड्डी, जाळ, बूड, सगळं तुमचं नाव घेऊन मी हिंदीत सुनावलं. मैत्रिणीने लाजत त्याचं अरबी केलं. आतल्या खोलीतून खोकल्यासारखा आवाज आला. म्हातारा हसत होता.

नातवाने दोन दिवस नळी घासली. दारू आजोबांनी स्वतः मोजली, पूर्वी मोजायचे तेवढीच. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले, तेव्हा घरातले सगळे खजुराच्या झाडांखाली जमले होते. गोळी सरळ जाईल हे मला माहीत होतं, पण डोळे खरंच गेले असतील तर? मग मी त्या माणसाचा रायफलवर दोष ढकलायचा शेवटचा आडोसाही काढून घेतला असता. पहिली गोळी फळीत गेली. पण भोक गोल, कंपासने काढल्यासारखं. म्हाताऱ्याने मुलाला हाक मारून ते भोक दाखवलं, त्याचं बोट धरून त्यावरून फिरवलं. दुसऱ्या गोळीला दगड फुटला. मुलगा पुढे आला आणि वडिलांच्या कपाळावर ओठ टेकवले. मी रडले, सरळ सांगते.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "या बिन्ती," म्हणाले, म्हणजे अगं मुली, "तुझे उस्ताद कुठे असतात?" मी म्हटलं, पुण्याला. "तब्येत?" त्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे." मग त्यांनी तुमच्यासाठी खजुराचा डबा दिला, स्वतः भरलेला, आणि तुमच्या हातात द्यायचा असं बजावलं.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, मलाच माहीत नाही. तर सर, तुमच्या नावाचा खजूर मी खातेय. अर्धा संपला. ते दर आठवड्याला मैत्रिणीमार्फत विचारतात, उस्तादांना आवडला का. मी सांगितलंय, फार आवडला.