दोन जुलाबांची केस होत नाही

८ जुलै
यवतमाळहून ट्रेनिंग करून आलो. साथरोगशास्त्राची ओळख, दोन दिवस, जेवण बरं. रोग कोणाला, कुठे, कधी होतो ते मोजायचं. कारण सापडतं, साथ थांबते. अठरा वर्षं आरोग्यसेवक म्हणून नुसत्या गोळ्या वाटल्या. आता तालुक्यातला पहिला शास्त्रीय तपास माझा.

११ जुलै
संधी चालून आली! वरच्या तांड्यात जुलाब सुरू. आमची आशा सेविका उज्ज्वला धावत आली. म्हणे, सर, नळाच्या पाण्याले नालीचा वास येऊन राह्यला, व्हॉल्व बंद करा ना. समजावलं, वास हा पुरावा नाही. आधी केसची व्याख्या: चोवीस तासांत किमान तीन पातळ जुलाब.

१२ जुलै
आर्णीहून स्केचपेन आणले. तांड्याचा नकाशा काढला. लाल ठिपका आजारी, हिरवा निरोगी. देखणा झालाय. उज्ज्वला म्हणाली, नकाशा कायले पाह्यजे, पाणी थांबवा. ट्रेनिंग नसलं की असं होतं.

१३ जुलै, सकाळी ११
जमनीबाईकडे गेलो. म्हातारी एकटीच राहते. मला डाक्टर म्हणते, बरं वाटतं. डोळे खोल गेलेले. किती वेळा झाली विचारलं, तर मोजलं नाही रे बाप्पा. फार खोदल्यावर दोन म्हणाली. बसत नाही व्याख्येत. हिरवा ठिपका. जलसंजीवनीची पाकिटं फक्त केसना. शिस्त म्हणजे शिस्त.

१४ जुलै
तेवीस लाल. सगळे नळाचं पाणी पिणारे. विहिरीवाले हिरवे. एकटी जमनीबाई नळावर असून हिरवी, तिच्यामुळे गणित अडलंय. उद्या पुन्हा विचारतो. व्हॉल्व आत्ताच बंद केला तर आकडे बिघडतील.

१५ जुलै
जमनीबाई पहाटे गेली.
उज्ज्वलानं दगडानं ठोकून व्हॉल्व बंद केला, जिल्ह्याला परस्पर फोनही केला. मला विचारायचं तरी. ठिपका लाल केला. आता सगळं जुळतं.

१८ जुलै
दोन दिवसांत नवा रोगी नाही. जिल्ह्याचे साहेब आले. उज्ज्वलाशी अर्धा तास बोलले. माझा नकाशा पाहिला आणि घडी घालून परत दिला. मृत्यूचा फॉर्म मला भरायला सांगितला.
रुग्णाला प्रथम कधी पाहिले? १३ जुलै, सकाळी ११.
काय उपचार दिले? कोरं सोडलं.
साहेबांनी फॉर्म परत केला. म्हणाले, कोरं चालत नाही, जे दिलं ते लिहा.
काही नाही, असं लिहिलं आणि खाली सही केली.