शाळेचं नेट आणि आत्याबाईंची खुर्ची

४ ऑगस्ट, सोमवार
शाळेचं नेट मेलंय. वसतिगृहातली पोरं दिवसभर रग्बी बघतात. आजपासून बंद! फायरवॉलवर वेगाची मर्यादा घातली. मशीन विचारत होतं, मर्यादा प्रत्येकाला वेगळी, की सगळ्यांत मिळून एक? मिळून एक! आम्ही टोंगाची माणसं, डुक्कर असो की कोनफळ, वाटून खातो.

५ ऑगस्ट
नेट आणखी मंद. समुद्राखालच्या केबलचा दोष. मुख्याध्यापकांना तसं ठणकावून सांगितलं.

७ ऑगस्ट
लुसेआनीचं लग्न सोळाला, शाळेच्याच हॉलमध्ये. एकुलती एक लेक. आत्या मानाच्या जागी बसल्याशिवाय आमच्यात लग्नाला हात लागत नाही, आणि माझी फिफिताताई ऑकलंडला डायलिसिसवर. येणं अशक्य. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल लावून पडद्यावर बसवतो. अनासेनी म्हणाली, अहो, तुमच्या नेटवर? कालची ईमेल आज येतेय! बायकोचा नवऱ्यावर विश्वास नसला की घर असंच चालायचं.

८ ऑगस्ट
ताईला कॉल लावून पाहिला. चेहरा नुसते ठोकळे. अरे, मी दिसते का रे तुला, एवढंच विचारत राहिली. आमच्यात बहिणीचा मान भावाहून मोठा, म्हणून जन्मभर हिच्यापुढे मान खाली. उत्तम चटई हिला, डुकराचा उत्तम तुकडा हिला. असो. फोन जुना असणार तिचा.

१० ऑगस्ट, रविवार
चर्चबाहेर लॅबमधल्या सेमिसीने गाठलं. सर, ती मर्यादा काढून बघायची का? रविवारी काम! देशात कायद्याने बंदी आहे, लाज नाही वाटत? असा झापला!

११ ऑगस्ट
फायरवॉल कंपनीच्या ब्रिस्बेनच्या माणसाला फोन. म्हणे, सेटिंगचा फोटो पाठवा. इतकी वर्षं शाळेचं कॉम्प्युटर-खातं सांभाळतोय, मी काय शिकाऊ आहे? नाही पाठवला. संध्याकाळी मंडळींत कावाच्या मुळीचं पेय प्यायला बसलो तर सगळे दात काढतात. काय मास्तर, नेट पोहत येतंय का? मेले.

१३ ऑगस्ट
मर्यादा आणखी आवळली. पोरांनी कमी ओढलं की ताईला जास्त उरेल. साधं गणित.

१६ ऑगस्ट, शनिवार
लग्न झालं.
पाहुणे आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया बांधून बसले. पडद्यावर ताई, इस्पितळातल्या खाटेवर, केसांत फुलं, तोंड अर्धवट उघडं. हलेचना. म्हातारे म्हणाले, थांबू या. थांबलो. एकदाच आवाज आला, लुसा, तुला बघू दे गं. मग पडद्यावर नुसतं चक्र गोल फिरत राहिलं. तिकडे नर्स तिला मशीनवर घेऊन गेली म्हणे. शेवटी पाद्री म्हणाले, आता पुरे.
लेकीने आत्याच्या मानाची चटई तिच्यासाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. केबलवाल्यांचं वाटोळं होवो.

१८ ऑगस्ट, सोमवार
मुख्याध्यापकांनी बळेच फोटो पाठवायला लावला. ब्रिस्बेनवाला लगेच म्हणाला, साहेब, एका माणसाला पुरेल एवढा वेग तुम्ही अख्ख्या शाळेत वाटलाय, प्रत्येकाला वेगळी मर्यादा द्या. मला तशी शंका होतीच. बदलली. नेट कसं पाण्यासारखं वाहतंय.
लगेच ताईला व्हिडिओ लावला. वाजला. तिकडून कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. अनासेनी म्हणाली, ताई सकाळी लुसाशी तासभर बोलल्या की माझ्या फोनवरून, दोघी रडल्या. मग तिसऱ्यांदा लावला.
इस्पितळाचं नेट मंद असणार.