आवाज न करणारा कुत्रा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून ठेवतो, कारण पुढे एवढं रडगाणं आहे की नंतर राहून जाईल. दाजींचा खोकला बसला असेलच. इकडे सगळे धडधाकट आहेत, कुत्रासुद्धा. रडगाणं त्याचंच आहे.

आई-आप्पांना सोबतीला कुत्रा आण, ही सूचना तुझी (दोष देत नाही, आठवण देतो). शेजारचे मास्तर गेल्यापासून आप्पा खुर्ची भिंतीकडे वळवून बसतात, कानाचं यंत्र तीन वर्षं कपाटाच्या खणात पडलंय. आई मागच्या महिन्यात म्हणाली, घरात बोलायला दोघंच, भिंत आणि तुझे वडील. त्यातली भिंत बरी, ती मान तरी फिरवत नाही. ते ऐकून मी दिवसभर वर्कशॉपात नट उलटे फिरवत होतो. तेव्हा हसू नकोस. हा उपाय फसला तर दुसरा माझ्याकडे नाही.

पहिला कुत्रा ओळखीच्या रंगवाल्याने दिला. उमदं जनावर. आप्पांनी साखळी धरली आणि कुत्रा आप्पांना फिरवायला घेऊन गेला; कोपऱ्यावरच्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊनच दोघांना अडवलं म्हणून बरं. तो परत गेला. दुसरी मुठीएवढी कुत्री, सदा आईच्या पायात. ती तुडवली जाईल या भीतीने आई दोन दिवस पाय न उचलता घासत चालली, आणि शेवटी म्हणाली, पायात घालायला माझ्याकडे चपला आहेत.

मग मी स्वतः बेवारस कुत्र्यांच्या आश्रयघरात गेलो. तीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करतोय, मोटर न उघडता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, मग कुत्र्याचं काय मोठं? चाळीस कुत्री एकदम भुंकत होती (तुझ्या लग्नातलं वऱ्हाड आठव). एकाचा आवाज मोटरचा पट्टा सैल झाल्यासारखा, एकाचा पाण्याविना फिरणाऱ्या पंपासारखा. एकच कोपऱ्यात शांत बसलेला. मी ऐटीत म्हणालो, हाच. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्याच्याबद्दल जरा ऐकून घ्या." मी म्हणालो, कागद आणा, मला ऐकण्यातलं कळतं.

ताई, नव्या कारागिराला मी पहिल्याच दिवशी शिकवतो की आवाज न करणारी मोटर एक तर नवी असते, नाहीतर बंद पडलेली. कुत्रा अकरा वर्षांचा आहे आणि ठार बहिरा. बेल वाजो, भांडं पडो, हा आप्पांच्या खुर्चीखाली पसरलेला. आईला एक बहिरा कमी पडत होता, मी दुसरा नेऊन दिला. ती एवढंच म्हणाली, "छान आणलास हो." तिच्या त्या 'हो'चा अर्थ तुला सांगायला नको.

तेव्हा रविवारी ये आणि कुत्रा परत द्यायचं तूच काढ. माझी जीभ रेटत नाही.

तुझा हात टेकलेला भाऊ

ता. क. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. आज त्यांच्याकडे गेलो तर आप्पांची खुर्ची खोलीकडे वळलेली आणि कानात यंत्र. कसं काय, म्हटलं. म्हणाले, "म्हातारं जनावर आहे, खाली श्वास चालू आहे की नाही कळायला नको?" यंत्र लावलेलं बघून आईने तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं कालपासून सुरू केलंय. ती पहिल्या वर्षाच्या मध्यावर होती.

ता. क. दुसरा. रविवारी ये, पण कुत्र्याचं काही काढू नकोस. येताना त्या यंत्राच्या बारीक बॅटऱ्या आण, डझनभर. कुत्रा जागा झाला की आप्पा यंत्र काढून खिशात टाकतात. पोट भरलं की तो झोपतो, म्हणून आई त्याला दुप्पट जेवू घालते.