सोमवार, बुधवार, शुक्रवारची मीटिंग

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

हौसरावआप्पांची पेटी माझ्या फळीवर आली. लाल खोका, वर त्यांचं नाव. टीबीची औषधं, सहा महिन्यांची. सोमवार-बुधवार-शुक्रवार त्यांनी माझ्या ओट्यावर यायचं, सात गोळ्या माझ्या डोळ्यांदेखत गिळायच्या, मी कार्डावर फुली मारायची. सिस्टरबाई म्हणाली, "घरच्यांच्या हाती देत न्हाई आम्ही. आन् तुमच्या तोंडाला सगळं न्हावरं गाव भितंय, मावशी."

साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं विसरू नयेत म्हणून नातीच्या, साधनाच्या उरलेल्या वहीत हेही लिहिते.

५ नोव्हेंबर, बुधवार

भांडण झालं! या औषधाला सिस्टर म्हणते डॉट्स. मी म्हणते डाट. आप्पा म्हणतात — "डी. ओ. टी. एस. एकेक अक्षर सुटं म्हनायचं, अनसाबाई. कारखान्याच्या मीटिंगीत असंच म्हनत्यात."

"एवढं म्हणेस्तोवर माझं दूध उतू जाईल," मी म्हटलं. "गिळा."

मग हळूच बोलले. डाट म्हटलं की गावाला कळतं — टीबी. सुटी अक्षरं म्हटली की वाटतं, असेल एखादी कमिटी. त्यांच्या नातीला, राजनंदिनीला, स्थळं बघतायत. कळलं तर पोरगी कोण करील!

जाताना रस्त्यात पोपटरावानं हटकलं, तर म्हणे, "डी. ओ. टी. एस.ची मीटिंग हाय." छाती काढून! मी दारात हसून हसून खोकले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी डोळा लागला. घोडनदीचं पाणी, पाण्यावर दोन कळप मिसळलेले. आम्हा धनगरांत प्रत्येक घराची हाक वेगळी. माझा बाप आपली हाक द्यायचा, समोरचा त्याची, आणि मेंढरं आपोआप दोन बाजूंना व्हायची. स्वप्नात मी बापाची हाक दिली. एकही वळलं नाही. पाण्यात उभी राहून सगळी खोकत होती.

उठले तर लुगडं ओलं. थंडीच्या दिवसांत एवढा घाम?

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "अक्षरं सुटी म्हना, येतील." म्हातारा चावट आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी आप्पा आले नाहीत. आज निरोप — बरं वाटतंय, आता नको. खरं कारण वेगळंच. खुटबावचे पाहुणे आज राजनंदिनीला बघायला आलेले! सिस्टरनं बजावलं होतं, मधेच सोडलं की दुखणं उलटतं, मग या गोळ्यांना दाद देत नाही.

सात गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि गेले. पाहुणे पोहे खात होते. मला बघून आप्पा पांढरेफटक. त्यांची बायको विठाबाई आतून हात जोडत होती. दोघांना वाटलं, ही आता डाट म्हणते!

मी म्हटलं, "आप्पा, मेंढरं कुठल्या रानात बसवायची आज? जरा दावा की."

पूर्वी खतासाठी त्यांच्या रानात आमचीच मेंढरं बसायची. ती विकून बारा वर्षं झाली.

"व्हय, व्हय!" म्हणत उठले. गोठ्यात नेऊन एकेक गोळी गिळायला लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "रडू नका, गोळी अडकंल."

८ डिसेंबर, सोमवार

राजनंदिनीची सोयरीक जमली. आप्पांनी पेढा आणला. मला गोड लागेना.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा मेंढरं. माळावर कोवळं ऊन, लोकर चमकत होती, मी मागून चाललेली — पाय जमिनीला नाहीत! बाप पुढं. वळून म्हणतो, चल. मी म्हटलं, थांब, फुली मारायची राहिलीय.

जागी झाले. चोळी आणखी सैल झाली आहे. साधना म्हणते, "आजी, तू पण थुंकी तपास की." म्हटलं, चुलीचा धूर आहे. गप बस.

२३ जानेवारी २००४, शुक्रवार

पाबळचे पाहुणे साधनाला बघायला येणार. पुढच्या रविवारी.

२८ जानेवारी, बुधवार

शेवटी थुंकी तपासली. आप्पांची पेटी सिस्टरनं दवाखान्यात परत नेली. तिच्याशेजारी दुसरी ठेवली आहे. तिच्यावर माझं नाव.

सकाळी दोघं गोळ्या गिळायला दवाखान्याकडं निघालो. वाटेत सखूबाई — "का गं अनसा, आप्पांच्या मागं मागं कुठं?"

आप्पा थांबले. मागं वळले नाहीत.

मी म्हटलं, "डी. ओ. टी. एस.ची मीटिंग हाय."