पक्षी आणि मधलं भोक

४ जानेवारी
लोगोचं काम मिळालं! रेकॉर्ड कंपनी नवी, मालक जुने — बाथरूमच्या फरशा विकून गब्बर झालेले. मी त्यांना फरशीवाले म्हणते, अर्थात इथेच. आणि पहिली रेकॉर्ड कुणाची? आमच्या बाबांच्या क्लॅरिनेटची! चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत मागच्या रांगेत बसून वाजवलं, एकाही कव्हरवर नाव नाही. आता येईल. फक्त लोगो ठरल्याशिवाय छपाई नाही.

बाबांच्या कानाचे डॉक्टर म्हणाले, "डावा गेलाच. उजवा तीन-चार महिने धरून चाला." रेकॉर्डिंगची टेप तरी आत्ताच ऐकवते म्हटलं, तर बाबा हटूनच बसले. "ऐकेन तर रेकॉर्डच. एक कान पुरे आहे तेवढ्याला."

११ जानेवारी
पहिला लोगो दाखवला. वर्तुळाच्या मधोमध पक्षी, चोचीतून तीन रेषा. फरशीवाले म्हणाले, "चालेल."

चालेल?! चालायला ती काय फरशी आहे? लोगो बघून माणसाने "वा!" म्हणायला हवं. म्हटलं, आठवडा द्या, याहून भारी करते. "अहो, पण हा चालेल की," ते परत म्हणाले. मी ऐकते कसली!

१९ जानेवारी
आठवड्याभरात फरशीवाल्यांच्या घरात प्रत्येकाला मत सुचलं. मेव्हण्याला पक्षी कोंबडीसारखा वाटतो. बायकोला निळा रंग नको. ड्रायव्हर म्हणाला, "पंख जरा पसरा ना, गाडीवर उठून दिसेल." ड्रायव्हरचंच त्यातल्या त्यात बरं.

२ फेब्रुवारी
बाविसावा पक्षी. आता तर मलाही कोंबडीच दिसते.

१४ फेब्रुवारी
बाबांना पडद्यावर दाखवला. बराच वेळ बघत राहिले. "छान आहे गं. पण मधल्या भोकाचं काय?"

म्हटलं, बाबा, डिझाइनमधलं तुम्हाला नाही कळायचं. "बरं," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हल्ली आमच्या बातम्या शेजारचेही ऐकतात.

६ मार्च
मोठी मीटिंग. पक्षी कपावर पाहिला, टोपीवर पाहिला, छत्रीवर, पेनावर, गाडीच्या दारावर. शेवटी फरशीवाले म्हणाले, "तो पहिला काय वाईट होता?"

पहिलाच पास! दोन महिने पाण्यात. मेव्हणा म्हणतो कसा, "मी आधीपासून तेच सांगत होतो." मनातल्या मनात त्याच्या डोक्यात कप फोडला.

२८ मार्च
शंभर रेकॉर्डी आल्या. मधल्या गोल कागदावर माझा पक्षी, आणि डोक्याच्या जागी — भोक! कप पाहिला, छत्री पाहिली, रेकॉर्डवर कसा दिसेल हे एकाही शहाण्याने पाहिलं नाही. त्या शहाण्यांत मी पहिली.

"जाऊ द्या हो," फरशीवाले म्हणाले, "फिरताना कुणाला दिसतंय?" पण मी हट्टाला पेटले. माझ्या बाबांच्या रेकॉर्डवर मुंडकं उडालेला पक्षी? नाही म्हणजे नाही! सगळ्या परत पाठवल्या. एकही ठेवून घेतली नाही.

२९ मार्च
बाबांना सांगितलं. तीनदा ओरडून सांगावं लागलं, मग खो खो हसले. हसता हसता थांबले. "तशीच आणायचीस की. पक्षी थोडाच वाजणार होता?"

चारच आठवडे, म्हटलं. त्यांनी "काय?" विचारलं.

२५ एप्रिल
आली! पक्षी भोकाच्या वर बसलाय, डोकं शाबूत. फरशीवाले फोनवर चक्क "वा!" म्हणाले. जिंकले मी! उद्या दुपारी बाबांना ऐकवणार.

२६ एप्रिल
बाबा इस्त्रीचा सदरा घालून समोर बसले. मी सुई टेकवली आणि स्पीकरची वायर जोडायला खाली वाकले.

"वा!"

मान वर केली. बाबांचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर नाचत होती. "काय सूर लागलाय गं!"

वायर अजून माझ्या हातातच होती.