पहिल्यापासून सांग

प्लोवदिव,
१२ ऑक्टोबर

ती. वेलिकाताईस,
सा. न. वि. वि.

रागावून लिहायला बसले होते, पण पेनात शाई भरेपर्यंत राग निवला. गेल्या रविवारी फोनवर मी तुला विचारलं, गुडघा कसा आहे? तू म्हणालीस, यंदा घेवडा चांगला आलाय. मी म्हटलं, अगं ताई, गुडघा. तू म्हणालीस, हो हो, पाठवते की पिशवीभर. मी हसत सुटले. फोन ठेवल्यावर मात्र हसू राहिलं नाही. त्याच्या आधीच्या रविवारी तू फोन उचललाच नाहीस, आणि तुझ्या शेजारची रुसाना सांगते की तू अंगणातच बसली होतीस.

माझ्यावर रुसली आहेस का? तसं असेल तर सरळ भांड. लहानपणी माझ्या वेण्या ओढताना कुठे मागेपुढे पाहायचीस? तुझं पत्र आल्याशिवाय आता मी फोन करणार नाही.

इकडे सकाळी नदीवर धुकं असतं. पलीकडची घरं पाण्यावर तरंगत आल्यासारखी दिसतात. तुझी आठवण येते.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी,
दाफिना


गोर्ना लिवाडा,
२० ऑक्टोबर

चि. दाफिनास,
अ. उ. आ.

रुसले नाही गं. मला ऐकू येत नाही.

लिहायला सोपं गेलं. तोंडाने हे अजून कुणालाही म्हटलेलं नाही.

आधी पाखरं गेली. मला वाटलं, यंदा ती आलीच नाहीत. मग घड्याळ गेलं, मग पावलं. माणसं आता माझ्यासमोर एकदम उगवतात. बोलणं येतं, पण पाण्याखालून आल्यासारखं. आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. उरल्यासुरल्या तुकड्यांतून मी शब्द जुळवत बसते, तोवर बोलणारा पुढे गेलेला असतो. दिवसभर असं ऐकलं की संध्याकाळी खळ्यावर राबल्यासारखं अंग दुखतं. उजेड गेला की ओठ दिसेनासे होतात आणि माझ्यापुरतं सगळं गाव बोलायचं थांबतं. खोटं कशाला सांगू, कधीकधी बरंही वाटतं. ओसरीत बसावं, डोंगरावरून ढग खाली यावेत, मेंढ्या परतताना गळ्यातल्या घंटा नुसत्या हलताना दिसाव्यात, आणि त्यांचा नाद मी आपला आठवणीतून घालावा.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलंय. त्यातून चमचे किंचाळतात. चारजण बोलले की चौघांचे आवाज एकाच पातेल्यात ढवळल्यासारखे होतात. परत विचारावं तर लोक म्हणतात, जाऊ दे, काही विशेष नाही. ते विशेष नसलेलंच तर मला हवं असतं! दोनदा विचारते. तिसऱ्यांदा लाज वाटते. मग हसायचं आणि मान डोलवायची.

या हसण्यानेच आता घोळ केलाय. शनिवारी आलुबुखाराची दारू काढायला भट्टीवर गेले होते. वरच्या आळीतला मानोल, मधमाश्या पाळणारा, ज्याची बायको वारली आणि जो संध्याकाळचा माझ्या ओसरीत येऊन बसतो तो, माझ्याशेजारी येऊन बसला. आग भडकलेली, पुरुषांची गाणी चाललेली. तो हातातली टोपी फिरवत बराच वेळ बोलला. त्या मिशांखाली ओठ कुठे दिसतात? मग थांबून माझ्याकडे बघत राहिला. मी हसले, मान डोलवली, म्हटलं, हो, का नाही. तर त्याचे डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने माझी हिवाळ्याची लाकडं फोडून रचून दिली. बेकरीत बायका माझ्याकडे बघून हसतात. दाफिना, मी कशाला हो म्हटलंय?

लवकर कळव. आणि हसू नकोस.

किरिलला माझे आशीर्वाद सांग. यंदा ईस्टरला तू एकटीच आलीस, तो आलाच नाही.
तुझी,
ताई


प्लोवदिव,
२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

हसले. या वयात मेहुणा मिळणार, लग्नात नाचायला माझे गुडघे तरी धड आहेत, असं काय काय मनात आलं. मग पत्राच्या शेवटी किरिलला लिहिलेले आशीर्वाद वाचले आणि हसू तिथेच थांबलं.

ईस्टरला तुझ्या ओसरीत जेवणं झाल्यावर मी तुला सांगितलं होतं की माझा नवरा घर सोडून गेला. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. तू हसलीस, माझा हात थोपटलास आणि म्हणालीस, "बरं झालं, आता हवा सुधारेल."

मी भांडी घासायला उठले. मला वाटलं, किरिल तुला कधी आवडलाच नव्हता, तुझं समाधान झालं. तेव्हापासून मी फोनवर तुला गुडघे आणि भाजीपाला एवढंच विचारते. घरातलं काही सांगत नाही. किती महिने मी मनात तुझ्याशी भांडतेय, आणि तुझ्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

मानोलला मात्र तूच विचार. भर दुपारी विचार आणि तोंडावर उजेड पडेल असा त्याला बसव.

काय लिहावं कळत नाही. लोभ आहेच.
दाफिना


गोर्ना लिवाडा,
४ नोव्हेंबर

चि. दाफिनास,
अ. आ. आणि पोटाशी धरते.

तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. नाही ऐकलं गं. तू डोंगराकडे तोंड करून बोलत होतीस. मला वाटलं, वाऱ्याबद्दल बोलतेयस. तुझं घर मोडलं होतं आणि मी तुला हवेचं सांगत होते. खूप रडले. मग बूट चढवले आणि तशीच मानोलकडे गेले. म्हटलं, आणखी एका माणसाला असं फसवायचं नाही.

तो मधाच्या बरण्या पुसत होता. मी दारातूनच सांगितलं, मला ऐकू येत नाही, भट्टीवर तू काय बोललास ते मला ठाऊक नाही. त्याने हातातली बरणी खाली ठेवली. मग दारातल्या उजेडात आला आणि सावकाश बोलला. लग्नबिग्न काही नाही. थंडीत ओसरीत बसवणार नाही, तेव्हा संध्याकाळी आत शेगडीपाशी आलो तर चालेल का, एवढंच त्याने विचारलं होतं. बायको गेल्यापासून तो माझ्या ओसरीत येऊन तिच्याबद्दल बोलतो. बाकीचे त्याला उपदेश करतात, दुसरी बायको सुचवतात. म्हणाला, "गावात तू एकटीच मध्ये बोलत नाहीस."

आता काय सांगू? तेही सांगितलं. म्हटलं, मानोल, ओसरीत अंधार असायचा, मी त्यातलंही काही ऐकलेलं नाही.

तो खोक्यावर बसला. त्याने विचारलं, माझी तोदोरा लग्नाच्या दिवशी ओढ्यात पडली, ते? मी म्हटलं, नाही. ती मधमाश्यांना शिव्या द्यायची, ते? नाही. तिचं शेवटचं आजारपण? तेही नाही. वाटलं, आता हा उठून जाईल. तो हसायला लागला, डोळे पुसत हसला आणि म्हणाला, "मग पहिल्यापासून सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी आला तो मिशा काढून. ओठावरची कातडी तान्ह्या मुलासारखी गोरी. मला हसू आवरेना. आता शेगडीपाशी बसतो, दिवा मध्ये ठेवतो. बोलणारा एकच असला की ते यंत्रही बरं चालतं. कळलं नाही की मी हात वर करते, तो मागे येतो. तोदोरा मोठी खट्याळ बाई होती, मला ठाऊकच नव्हतं. बेकरीतल्या बायकांना हसू देत.

काल पहिला बर्फ पडला. सगळे म्हणत होते, आज किती शांत आहे.

दाफिना, पत्रातून नको. शनिवारच्या बसने ये. किरिल कधी गेला, काय म्हणाला, तू त्या रात्री काय जेवलीस, सगळं मला हवंय. मी मान डोलवणार नाही. मध्ये बोलेन, थांबवेन, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारेन. तू कंटाळशील. तरी सांग.

वाट बघते.
तुझी,
ताई